गिटारची जागा

लाखनीला हायवेच्या कडेला राहणाऱ्या माणसाला ट्रकच्या हॉर्नची सवय होऊन जाते. आमच्या घरमालकांना ती कधीच झाली नाही. रायपूरकडून आलेला एखादा ट्रक घरासमोर प्रेशर हॉर्न मारत गेला, की ते जेवताना हात थांबवायचे, क्षणभर डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "बी फ्लॅट. पण पुरता नाही." मग पुढचा घास. एकदा समोरच्या ढाब्यावर चहा पीत बसलेल्या एका ड्रायव्हरला त्यांनी जाऊन सांगितलं, की तुमच्या दोन हॉर्नांचं एकमेकांशी पटत नाही, डावा जरा उतरवून घ्या. ड्रायव्हरला वाटलं, हे आरटीओचे साहेब. त्याने घाईघाईने गाडीची कागदपत्रं काढून त्यांच्या हातात दिली.

सगळं गाव त्यांना 'सर' म्हणायचं, म्हणून मीही सर म्हणायचे. पुढच्या खोलीत ते अकरावी-बारावीच्या मुलांना गणित आणि फिजिक्स शिकवायचे. मागच्या खोलीत बासरी वाजवायचे. मधल्या दोन खोल्यांत ते आणि त्यांची म्हातारी आई राहायचे. तिला सगळे 'माय' म्हणायचे. बाजूला वेगळं दार असलेली एक लहानशी खोली होती. बी.एस्सी.ला प्रवेश घेतला तेव्हा मी तिथे राहायला आले, आणि पदवी होईपर्यंत तिथेच राहिले.

आमचं गाव आंधळगावच्या पुढे. बाबा राइस मिलमध्ये पोती वाहायचे. बारावीच्या पुढे गेलेली मी घरातली पहिलीच. खोली पाहायला बाबा सोबत आले होते, आणि त्यांच्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता. सरांनी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि म्हणाले, "बाबूजी, आधी तो खर्रा थुकून या."

बाबा गोंधळले. "भाड्याचं बोलू ना जी आधी."

"भाडं मागून. खर्ऱ्यानं दात जातात. दात गेले की ओठ आत जातात. ओठ आत गेले की माणूस काहीच वाजवू शकत नाही."

"मले कुठं काय वाजवाचं हाय जी!"

"आज नाही वाजवायचं. पुढचं कोणी सांगितलं?"

बाबा बाहेर जाऊन थुंकून आले. परत जाताना बसस्टँडवर मला म्हणाले, "मानूस येडा-भैताड हाय. पर सरळ हाय. राह्य इथंच."

सरांची बासरी बांबूची नव्हती. ती चांदीसारखी चमकणारी, अंगभर झाकणं आणि दांड्या असलेली इंग्रजी बासरी होती. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती वाद्य वाटायचीच नाही. मोटर दुरुस्त करायला आलेल्या माणसाने एकदा ती उचलून, फिरवून पाहिली आणि हा कोणत्या कंपनीच्या पंपाचा पार्ट आहे म्हणून विचारलं. पावसाळ्यात त्या झाकणांखालच्या गाद्या ओलसर होऊन चिकटायच्या. त्या सुकवायला पातळ कागद लागायचा, म्हणून सर पानठेल्यावरून सिगारेटचं पाकीट आणायचे, तंबाखू काढून टाकायचे आणि नुसता कागद वापरायचे. खर्ऱ्यावर भाषण देणारा माणूस सिगारेट घेतो, याचा गावात मोठा बोभाटा झाला होता. सरांनी कधी खुलासा केला नाही. "सांगितलं तर जास्त भैताड म्हणतीन," ते म्हणायचे.

मूळचे ते चिखल्याचे. वडील मँगनीजच्या खाणीत, जमिनीखाली कामाला. मुलगा हुशार निघाला म्हणून वडिलांनी त्याला नागपूरला इंजिनिअरिंगला घातलं. तिसऱ्या वर्षाला मुलगा एका बँडमध्ये शिरला आणि परीक्षा तशीच राहून गेली. गिटार, ड्रम, की-बोर्ड आणि बासरी. त्यांच्या संगीताला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात, हे मला सरांनीच सांगितलं. म्हणजे काय, असं विचारल्यावर त्यांनी हाताने हवेत एक लांब वळणावळणाचा रस्ता काढला. "साधं गाणं तीन-चार मिनिटांत घरी पोचते. हे पोचत नाही. हे सात मात्रांच्या चालीत निघते, मध्येच पाचवर उडी मारते, कुठे बसून राहते, पुन्हा निघते. ऐकणाऱ्याला वाटते आता संपलं. अन् तिथूनच सुरू होते."

त्यांच्या बँडचं असं एक गाणं होतं. पाऊण तासाचं. त्याला काहीतरी इंग्रजी नाव होतं, पण सर त्याला नुसतं 'लांबवालं' म्हणायचे. बँड मुंबईला रेकॉर्डिंगसाठी गेला तेव्हा कॅसेट कंपनीच्या माणसाने सांगितलं, याचं चार मिनिटांचं करा. गिटार वाजवणारा मित्र, जो सरांच्या खोलीत राहायचा, त्यांच्याच ताटात जेवायचा, म्हणाला, करू. सर म्हणाले, मी एकटा वाजवीन, पण पूर्ण वाजवीन. आणि बासरीची पेटी उचलून स्टेशनवर आले.

"ज्या वर्षी गोंदिया भंडारा जिल्ह्यापासून वेगळं झालं, त्याच वर्षी मी बँडपासून वेगळा झालो," ते सांगायचे. "गोंदियाला कलेक्टर मिळाला."

त्यांच्याविना बँडही फार टिकला नाही. मित्र पुण्याला मोठ्या कंपनीत लागला. वडिलांनी रिटायर झाल्यावर लाखनीला घर बांधलं पण ते त्यात फार दिवस जगले नाहीत. सर मायजवळ इथे राहायला आले आणि त्यांचं 'सोलो करिअर' सुरू झालं. हा शब्द ते कोणतीही थट्टा न करता वापरायचे. त्यांची एकच इच्छा होती. लांबवालं एकदा लोकांपुढे, पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत, कोणी न थांबवता वाजवायचं. बाकी काही नको.

हे ऐकायला किती साधं वाटतं! पण आपल्याकडे पाऊण तास कोणाला कोण बोलू देतं, की वाजवू देईल?

एका शाळेच्या गॅदरिंगमध्ये त्यांना बोलावलं होतं. निवेदकाने माइकवर 'आपल्या तालुक्याचे प्रगतिशील बासरीवादक' अशी ओळख करून दिली. मागे बसलेल्या पालकांपैकी अर्ध्यांना वाटलं, कृषी विभागाचा काही कार्यक्रम आहे. वाजवायला लागून थोडाच वेळ झाला होता, तेवढ्यात प्रमुख पाहुण्यांची गाडी आली आणि हेडमास्तरांनी हात जोडले. सर थांबले, पण स्टेजवरून उतरले नाहीत. हारतुरे झाले, पाहुण्यांचं भाषण झालं, आभार झाले. सर कडेला उभेच. आभार संपताच ते माइकशी आले आणि म्हणाले, "तर, आता पुढे." तोवर मुलं वंदे मातरमला उभी राहिली होती.

लग्नाच्या हंगामात एक वधूपिता सुपारी द्यायला आला. वरातीत धुमाल पार्टीसोबत चालायचं आणि वाजवायचं, असा बेत होता. सरांनी त्याला अंगणात चालून दाखवायला लावलं. तो बिचारा चालला.

"पाहिलं? डावा, उजवा, डावा, उजवा. तुम्हाला पाय दोन. माझं गाणं सातचं. प्रत्येक फेरीत तुमचा पाय बदलते. नवरदेव घोडीवरून पडन ना बापा."

"मंग सोपं वाजवा ना जी एखादं."

"सोपं वाजवणारे गावात खूप आहेत."

आमच्या मोहल्ल्यात जयंतीच्या कार्यक्रमालाही ते आले होते, माझ्या आग्रहाने. तिथे त्यांनी आधी एक भीमगीत वाजवलं, इतकं सुंदर की विहाराच्या पायरीवर बसलेल्या बायांचे डोळे भरून आले. त्या टाळ्यांवर साथ करायला लागल्या. सरांना राहवलं नाही. दुसऱ्या कडव्याला त्यांनी चाल सातवर नेली. टाळ्या एकमेकींत अडकल्या, बाया हसायला लागल्या, आणि माझी आत्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मास्तर, आमचे हात काहून पिरगाळून राहिले जी?" सरही हसले. पण लांबवालं त्या दिवशीही राहिलं. जेवणाची पंगत बसली.

मी आज एका ज्युनिअर कॉलेजात शिकवते. मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात सरांनी मला मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि माझ्याच विषयावर बोलायला लावलं होतं. माझी सवय अशी होती, की वाक्याच्या शेवटी आवाज पडायचा. घरात मोठ्याने बोलायची सवयच नव्हती. सर म्हणाले, "वाक्य सुरू करायच्या आधी त्याच्या शेवटाकडे पाह्य. तिथपर्यंत पुरेल इतका श्वास घे. मग बोल. शेवटचा शब्द पहिल्याइतकाच तुझा आहे." मुलाखतीत मला काय विचारलं ते आता नीट आठवत नाही. पण माझं एकही वाक्य पडलं नव्हतं. वर्गात आजही शेवटच्या बाकापर्यंत आवाज जातो तेव्हा मला त्या खोलीचा चुना दिसतो.

सर गेले त्याला बरीच वर्षं झाली. लांबवाल्याचं रेकॉर्डिंग कुठेच नाही. मोबाइलवर करून घेऊ म्हटलं तर ते म्हणायचे, अजून झालं कुठे, आधी एकदा होऊ दे. त्यामुळे मी सांगते त्यावरच विश्वास ठेवावा लागेल, आणि मला तर संगीतातलं काही कळत नाही. एवढंच कळायचं, की दुपारी क्लास सुटल्यावर ते वाजायला लागलं की रसायनशास्त्राच्या पुस्तकावरून माझी नजर उठायची आणि कितीतरी वेळ परत जायची नाही.

त्या घरात येऊन मला महिनाभर झाला असेल. मायसोबत स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होते. आतून येणारी बासरी एकाएकी थांबली. मला वाटलं संपलं. मी चहा घेऊन आत गेले. सर भिंतीकडे तोंड करून उभे होते, बासरी छातीशी धरलेली, पाय ताल धरून हलतो आहे, आणि मान डावीकडे वळलेली. त्यांनी हाताने मला थांबवलं. मी कप घेऊन तशीच उभी. ट्रक गेले, मायने दोनदा हाक मारली, चहावर साय आली. मग त्यांनी श्वास घेतला, बासरी ओठाला लावली आणि जणू मध्ये काही घडलंच नव्हतं, असं गाणं पुढे निघालं.

नंतर मी विचारलं. ते म्हणाले, "ती गिटारची जागा आहे."

"पण सर, गिटार तर नाही."

"तू दिवाळीत गावाला जाशीन, तेव्हा मी तुझी खोली दुसऱ्याला देईन का?"

"मग तुम्ही सोलो कसे?"

सरांनी कप माझ्या हातात परत दिला आणि दार लावून घेतलं.

मायला हे सगळं ठाऊक होतं. ती चुलीवरच्या भांड्याशी बोलावं तशी बोलायची. "बंद पडला पुन्हा. आता तो पुन्याचा तिकडे ऑफिसात बसला असन, अन् हा इकडे त्याच्यासाठी उभा हाय. एक फोन कर म्हनलं. तुया ताटातला मानूस होता तो. तर म्हनते, मी सोलो हाय. कायचा सोलो! जेवाले बसला तरी बाजूची जागा सोडून बसते."

तिची सुनेची आशाही त्या फोनसारखीच राहून गेली होती.

मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा आमच्या गावच्या मंडईत सरांचा कार्यक्रम ठरला. भाऊबीजेनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. दुकानं लागतात, पाळणे येतात, लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात, आणि दुपारी चौकात सामना होतो. दोन पार्ट्या समोरासमोर बसतात. एक गाते तेव्हा दुसरी ऐकते, पहिली थांबली की दुसरी उठते आणि पहिलीला टोला देऊन आपलं सुरू करते. त्याला दुय्यम म्हणतात. माझा मामा मंडईच्या कमिटीत होता. मी त्याला सांगितलं, आमच्या सरांना बोलव. ते पाऊण तास वाजवतात, एवढंच त्यांना वाजवू द्या.

मामा म्हणाला, "समोर कोन?"

"समोर कोणी नाही. ते एकटेच वाजवतात."

"एकटा? अन् समोर कोनीच नाही? मंग लोक पाहतीन कोनाकडे वो?"

"त्यांच्याकडेच."

"पाऊन तास एकाच मानसाकडे? लगनात नवरदेवाकडे बी कोनी पाहत नाही इतकं." तो हसला, पण त्याने बोलावलं. भाचीचा शब्द त्याने मोडला नाही.

सरांनी चार दिवस आधीपासून तिखट सोडलं. माय म्हणाली, वरणभात खाऊन खाऊन कावळा झाला. भंडारा, मोहाडी करत आम्ही एस.टी.ने पोचलो तेव्हा चौकात समोरासमोर दोन तखत मांडलेले होते. एकावर नुसता माइक. दुसऱ्यावर एका शाहिराची पार्टी बसली होती, फेटे, ढोलकी, टाळ, सगळ्या थाटात. मामाने आपल्या परीने सरांचा मानच ठेवला होता. पाहुणा एकटा पडू नये, म्हणून त्याने भागातला सगळ्यात नावाजलेला शाहीर समोर बसवला होता.

सर बराच वेळ त्या दोन तखतांकडे पाहत राहिले. मग मामाला म्हणाले, "मला मध्ये कोणी थांबवणार नाही ना?"

"नाही जी. दुय्यमचा कायदाच हाय. जोवर तुमचा सूर चालू हाय तोवर सरपंच बी नाही थांबवत. सूर थांबला, की पारी समोरच्याची."

सरांचा चेहरा उजळला, आणि लगेच विझला. मी त्यांच्या जवळ सरकले. "सर, गिटारच्या जागेत काहीतरी वाजवा. एकच सूर लांबवून धरला तरी चालेल. कोणाला कळणार नाही."

त्यांनी रुमालाने बासरी पुसली. म्हणाले, "पाहतो."

सुरुवातीला पोट्टे हसले. एकाने हातात उसाचं टिपरं आडवं धरून नक्कल केली. पण सरांनी तिकडे पाहिलंच नाही. हळूहळू चौक शांत होत गेला. आधी पुढच्या बाया, मग पाळण्याच्या रांगेतली माणसं, मग चहाच्या ठेल्यावरची. मी मागच्या खोलीत ते शेकडो वेळा ऐकलं होतं, पण भिंतीवर आपटून येणारं आणि मोकळ्या आभाळाखाली सुटलेलं, यांत किती फरक असतो ते मला त्या दुपारी कळलं. समोरच्या तखतावरचा ढोलकीवाला आधी कपाळाला आठी घालून बोटांवर काहीतरी मोजत होता. मग त्याला ती सातची चाल सापडली आणि तो एकटाच मान डोलवायला लागला. माझ्या बाबांनी गालातला खर्रा कधी थुंकला होता कोण जाणे, ते तोंड उघडं ठेवून ऐकत होते.

आणि गिटारची जागा आली.

सरांनी बासरी ओठांपासून काढली. मला वाटलं, आता लावतील, आता लावतील. त्यांचा पाय तखताच्या फळीवर ताल देत होता. मान डावीकडे वळली होती. तिथे माइकच्या वायरशिवाय काहीच नव्हतं.

लोक थांबले. थोडा वेळ खरंच सगळे थांबले, हे मला सांगितलं पाहिजे. मग कुजबुज सुरू झाली. पंच म्हणून बसलेल्या मामाने माझ्याकडे पाहिलं. मी जोरजोरात हात हलवून 'नाही, नाही, संपलं नाही' म्हणत होते. पण सामन्यात पंचाचं काम भाचीच्या हातवाऱ्यांवर चालत नाही. त्याने खांद्यावरचा दुपट्टा वर केला. "पारी गेली!"

शाहीर उठला. सभ्य माणूस होता. त्याने आधी सरांना वाकून हात जोडले, मग ढोलकी कडाडली आणि त्याने जागच्या जागी बांधून गायला सुरुवात केली,

"पाहुना आला लाखनीचा, चांदीची घेऊन नळी गा,
वारा त्याचा सरून गेला, आता आमची पाळी गा!"

चौक हसला. हसण्यात वाईटपणा काही नव्हता. पाहुण्याचं कौतुक करूनच ते हसत होते. कमिटीच्या पोरांनी माइक उचलून समोर नेला आणि सगळा जमाव बसल्या जागी त्या बाजूला वळला.

सर हलले नाहीत. त्यांचा पाय चालूच होता. ढोलकीच्या चारमध्ये त्यांनी आपले सात कसे धरून ठेवले असतील! गिटारची जागा पूर्ण झाली तेव्हा, बरोबर तिथेच, त्यांनी श्वास घेतला आणि बासरी ओठाला लावली. उरलेलं सगळं वाजवलं. मी तखताला टेकून उभी होते म्हणून मला कुठे कुठे तुकडे ऐकू आले. शेवटचा सूर मी ऐकला नाही, त्यांच्या बोटांवरून ओळखला. मग त्यांनी बासरी खाली घेतली आणि लोकांच्या पाठींना कमरेत वाकून नमस्कार केला.

बक्षिसाचा शेला शाहिराला मिळाला. मामाने सरांना नारळ दिला आणि आपुलकीने म्हणाला, "मस्त वाजवलं जी. थोडा दम कमी पडला, नाहीतर तुमचीच पारी होती."

परतीच्या एस.टी.त मोहाडी मागे पडली. मग मीच म्हणाले, "सर, एक सूर धरला असता तर."

ते खिडकीबाहेर कापणीला आलेल्या धानाकडे पाहत होते. "धरणारच होतो. तू म्हणाली तेव्हा ठरवलं होतं. पण तिथे आलो की मला तो ऐकू येते. माझ्या कानात तो वाजवतच असते. त्याच्यावर मी कसा वाजवू?"

घरी पोचल्यावर त्यांनी मायजवळ बसून सांगितलं, "लावतो फोन, पुण्याला."

नंबर मिळायला आठवडा गेला. माय रोज विचारायची, भेटला का. आणि फोन लागला तेव्हा दोघे मित्र इतके हसले, इतक्या वर्षांचं काहीच मध्ये नसल्यासारखे, की माय पदर तोंडाला लावून बाहेर अंगणात गेली. मित्राला कंपनीच्या कामाने रायपूरला जायचं होतं. नागपूरपर्यंत विमानाने आणि पुढे गाडीने. वाटेत लाखनी लागतेच. तासभर येतो म्हणाला.

त्या दिवसांत सर बदलून गेले. क्लासमध्ये गणित चुकलेल्या मुलाला म्हणाले, "असू दे यार, होते." भंडाऱ्याच्या वाद्यांच्या दुकानातून त्यांनी चार दिवसांसाठी एक गिटार मागून आणली, तारा बदलल्या, सूर लावले आणि मागच्या खोलीत डाव्या हाताला एक स्टूल ठेवून त्यावर ती आडवी ठेवली. मला म्हणाले, "त्याला आधी सांगायचं नाही. तो पाहीन आणि उचलीन."

मित्र आला तो भरल्या अंगाचा, मऊ बोलण्याचा, चांगला माणूस होता. मायच्या पाया पडला, नागपूरची संत्रा बर्फी दिली, सरांच्या वडिलांची आठवण काढली. तासातला अर्धा वेळ गप्पांत गेला. मग सर त्याला मागच्या खोलीत घेऊन गेले. मी दाराशी होते.

"अरे, गिटार!" त्याने तारेवरून एक बोट फिरवलं आणि हात मागे घेतला. "बोटं गेली यार आता. घरी मुलगा वाजवतो थोडीफार. तू वाजव. तुझं ऐकायचं आहे मला."

"वाजवतो. तू स्टुलावर बस."

मित्राने गिटार उचलून भिंतीला टेकवली आणि स्टुलावर बसला. सर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले नाहीत. त्या दिवशी पहिल्यांदाच ते भिंतीकडे पाठ करून उभे राहिले. त्यांनी लांबवालं सुरू केलं, आणि मित्र डोळे मिटून, मान हलवत, मधूनमधून "वा" म्हणत ऐकत राहिला. चाल सातवरून पाचवर गेली तिथे तो हसला. त्याला ते आठवत होतं. मला वाटलं, आता होणार.

सरांनी बासरी खाली घेतली. पाय चालू. मान डावीकडे. आणि या वेळी डावीकडे खरोखर तो बसला होता.

मित्राने डोळे उघडले. वाट पाहिली. सरांकडे पाहून हसला. सर त्याच्याकडे पाहत होते, अगदी एकटक, पायाने ताल देत. मित्राचं हसू थोडं अवघडलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, आजारी माणसाच्या घरी आपण घरच्यांकडे पाहतो तसं. मग पुढे वाकून, फार मायेने त्याने विचारलं, "काय झालं रे? मध्येच का थांबलास?"

सरांचा पाय थांबला. त्या जागेत मी तो कधी थांबलेला पाहिला नव्हता.

"दम लागला," सर म्हणाले.

चहाचे कप घेऊन माय माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. तिने बोलायला तोंड उघडलं. सरांनी तिच्याकडे पाहिलं, आणि तिने कप पुढे केले.

"होते यार, या वयात," मित्र म्हणाला, आणि उठता उठता त्याने घड्याळ पाहिलं. रायपूर अजून लांब होतं.